अठ्ठ्याण्णव की शंभर?

शेवटची कर्जत लोकल निघून गेली की अंबरनाथ पूर्वेला रस्ते निजतात. आमच्या इमारतीत मात्र नेमकं तेव्हाच ते घुमणं सुरू व्हायचं. खरं तर ते दिवसभर असायचं, पण रिक्षा, शाळेच्या बस आणि भाजीवाल्यांच्या हाकांत बुडून जायचं. रात्री उशीला कान टेकला की घुंऽ… घुंऽ… घुंऽ, सेकंदाला दोन ठोके, भिंतीतून आल्यासारखं. सोसायटीत त्यावरून तीन पक्ष पडले. कोणी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला दोष देई, कोणी टाकीच्या पंपाला, तर कोणी एमआयडीसीच्या बाजूला असलेल्या एका शेडच्या पंख्याला.

पंपाचा निकाल पहिल्याच रात्री लागला. मेन स्विच पाडला तरी घुमणं चालूच राहिलं. उरले दोन संशयित. दोघंही लांब, आणि दोघांचाही आवाज कानाला सारखाच. इथे संगणकाची गरज पडली. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, या प्रश्नाचं उत्तर मी या घुमण्याकडून शिकलो, म्हणून आधी त्याचीच गोष्ट सांगतो.

तानपुऱ्याजवळ डोळे मिटून बसलेल्या माणसाला वर्णपट म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. जवारी नीट लागली असेल तर खर्जाच्या एकाच तारेतून षड्जासोबत पंचम ऐकू येतो, आणि मग कोणीही न छेडलेला गांधार उमटतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तार सेकंदाला १०० वेळा हलत असेल, तर तिच्या आवाजात २००, ३००, ४०० आणि ५०० हर्ट्झचे अंशही असतात. त्यातला ५०० चा अंश म्हणजे तो गांधार. एकाच आवाजात कोणकोणते स्वर किती जोराने मिसळले आहेत, याचा हिशेब म्हणजे त्या आवाजाचा वर्णपट. हाच हिशेब क्षणाक्षणाला मांडला, आडवा वेळ, उभी वारंवारता आणि रंगाने जोर दाखवला, की स्पेक्ट्रोग्रॅम तयार होतो.

या हिशेबामागचं गणित फ्रेंच गणिती फूरिए यांचं. त्यांचा ग्रंथ १८२२ चा, आणि विषय होता उष्णता. संगणकाला ते गणित झटपट करता यावं अशी रीत जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. आज तुम्ही फुकटचा प्रोग्राम उघडा किंवा हजारो रुपयांचा, आत हीच रीत चालते. म्हणून ‘जास्त अचूक सॉफ्टवेअर कोणतं?’ हा प्रश्न मला फसवा वाटतो. गणित सगळ्यांचं एकच आहे. फरक पडतो तो प्रोग्राम तुम्हाला कोणत्या गोष्टी बदलू देतो, काय वाचू देतो आणि काय तुमच्या नकळत स्वतःच ठरवून टाकतो, यात.

माझी पहिली चूक मात्र सॉफ्टवेअर उघडण्याआधीच झाली होती. मी ते घुमणं फोनवर व्हॉइस मेसेज म्हणून टिपलं आणि स्वतःलाच पाठवलं. ऐकून पाहिलं तर घुमणं जवळजवळ गायब. बोलणं स्वच्छ जावं म्हणून असा संदेश दाबून लहान केला जातो, आणि बरेच फोन सतत येणारा एकसुरी आवाज म्हणजे गोंगाट असं समजून तो पुसतात. मला हवा होता तोच नेमका. ध्वनिमुद्रणात जे उतरलंच नाही, ते कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. एमपीथ्री फाइल नंतर वेव्हमध्ये बदलून घेतली म्हणून गेलेला भाग परत येत नाही, फक्त फाइल जाड होते.

दुसऱ्या रात्री साधं रेकॉर्डिंगचं ॲप घेतलं, त्यात वेव्ह फाइल निवडली, सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची तितकी मोजमापं, ठेवले आणि गोंगाट कमी करण्याची सोय बंद केली. पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला. खिडकी उघडून फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला आणि चार मिनिटं खोलीबाहेर जाऊन बसलो. फाइल संगणकावर नेताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे वाटेत कोणी दाबत नाही. बाहेरचा मायक्रोफोन लॅपटॉपला जोडून टिपत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. नाहीतर विजेचे ५० हर्ट्झ तारेतूनच शिरतात आणि तुम्ही शेजाऱ्याऐवजी स्वतःच्याच चार्जरचा अभ्यास करत बसता.

मग ऑडॅसिटी उघडलं. हा प्रोग्राम कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्माला आला आणि २००० साली सर्वांसाठी खुला झाला. तो फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, आणि ज्याने आयुष्यात आवाजाचा आलेख पाहिलेला नाही त्यानेही इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. आवाजाचा तुकडा निवडायचा, विश्लेषणाच्या यादीतून वर्णपट काढायचा. माझ्यासमोर डावीकडे एक जाडजूड डोंगर उभा राहिला, शंभरच्या आसपास. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असं मी ठरवूनही टाकलं.

ते ठरवण्याला आधार होता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा दिशा पालटते. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातले पोलादी पत्रे चुंबकत्व वाढताना किंचित ताणतात, मग दिशा कोणतीही असो. म्हणून एका फेऱ्यात ते दोनदा ताणतात आणि ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर गुणगुणतो, सोबत २०० आणि ३०० चे अंश घेऊन. आणि तो आकडा फारसा हलतही नाही, कारण देशाच्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असा दंडक आहे.

तळमजल्यावरचे काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, “अरे, हा डोंगर केवढा रुंद आहे! यात शंभर कुठे आणि पंचाण्णव कुठे, ते दाखव.” मला दाखवता येईना.

अडचण होती खिडकीची. संगणक आख्खी फाइल एका घासात घेत नाही, तिचे तुकडे करतो. अशा तुकड्यालाच खिडकी म्हणतात. एका तुकड्यात किती नमुने घ्यायचे हा आकडा ऑडॅसिटीत बदलता येतो, आणि माझ्याकडे तो २०४८ होता. ४४,१०० ला २०४८ ने भागलं की साडेएकवीस येतात. म्हणजे माझ्या मोजपट्टीवरच्या दोन खुणांमध्ये साडेएकवीस हर्ट्झचं अंतर! कापड मोजायला रस्ता मोजायची साखळी घेतल्यासारखं झालं. आकडा ६५,५३६ केला. आता दोन खुणांमधलं अंतर एक हर्ट्झपेक्षा कमी, सुमारे ०.६७. तो डोंगर दुभंगला आणि दोन सुळके उभे राहिले. एक बरोबर १०० वर, आणि दुसरा ९८ वर.

काकांना ९८ चा अर्थ माझ्याआधी कळला. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेरे मारायला बघते, पण थोडी मागेच राहते, यालाच स्लिप म्हणतात. पूर्ण भारावर १४४० च्या आसपास, भार कमी असेल तर त्याहून जास्त. अशा मोटरवर चार पात्यांचा पंखा बसवला, की दर फेऱ्याला चार झपके. ९८ ला चारने भागा, २४.५ येतात. त्याला ६० ने गुणा, मिनिटाला १४७० फेरे. “पंखा आहे,” काका म्हणाले, “आणि भार कमी आहे त्याच्यावर.”

पण मग ट्रान्सफॉर्मर निर्दोष का? तर तोही नाही. जवळजवळ सारख्या वारंवारतेचे दोन आवाज एकत्र आले की ते कधी एकमेकांना साथ देतात, कधी खोडतात, आणि हे किती वेळा घडेल ते त्यांच्या फरकावरून ठरतं. १०० वजा ९८ म्हणजे दोन. सेकंदाला दोन ठोके! तानपुरा लावताना जोडीच्या दोन तारा पूर्ण मिळाल्या नसल्या की आवाज जसा हेलकावतो, तसंच हे होतं. आम्हाला झोपू न देणारा ठोका दोघांपैकी एकट्याचा नव्हताच. एमआयडीसीत त्या शेडच्या आठवडी सुट्टीच्या रात्री पुन्हा टिपलं, तेव्हा ९८ चा सुळका नव्हता, १०० चा तसाच होता, आणि घुमणं एकसंध, मंद, सहज विसरता येण्यासारखं झालं होतं.

एका डोंगराचं आणि दोन सुळक्यांचं, या दोन चित्रांपैकी खरं कोणतं, असं मला अनेकांनी विचारलं. दोन्ही खरी. २०४८ ची खिडकी ४६ मिलिसेकंदांची असते. तिच्यातून पाहिलं तर एकच आवाज सेकंदाला दोनदा फुगताना आणि ओसरताना दिसतो. ६५,५३६ ची खिडकी जवळजवळ दीड सेकंदाची. तिच्यातून ठोके दिसत नाहीत, दोन स्थिर रेघा दिसतात. वेळ बारीक मोजायला गेलात तर वारंवारता जाड होते, वारंवारता बारीक करायला गेलात तर वेळ पसरतो. यातून सुटका पैसे मोजूनही मिळत नाही. म्हणून मी कोणताही प्रोग्राम पारखताना पहिल्यांदा हेच बघतो की खिडकीची लांबी मला बदलता येते का, आणि सध्या ती किती आहे हे तो सांगतो का. नुसतंच सुंदर रंगीत चित्र दाखवणारा आणि हा आकडा लपवणारा प्रोग्राम मी पुन्हा उघडत नाही.

खिडकीला आकारही असतो. तुकडा सरळ कापला तर कडांपाशी आवाज तुटतो आणि त्या तुटीचे खोटे अंश आलेखात सांडतात. म्हणून कडा हळूहळू उतरत्या करतात. हॅन नावाची खिडकी बहुतेक कामांना पुरते. एका जोरदार सुळक्याच्या सावलीत दुसरा फार कमजोर सुळका शोधायचा असेल तेव्हा ब्लॅकमन-हॅरिस घ्यावी.

सोसायटीच्या सेक्रेटरीबाई तक्रार अर्ज लिहायला बसल्या तेव्हा आणखी एक गोष्ट सांगावी लागली. पडद्यावर सुळक्यापाशी उणे ३८ डेसिबल असं दिसत होतं. “उणे आवाज कसा असेल?” त्यांनी विचारलं, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. सॉफ्टवेअरमधलं शून्य म्हणजे फाइलमध्ये मावू शकेल असा सर्वांत मोठा आवाज, बाकी सगळं त्याच्या खाली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण ते डेसिबल हवेतल्या दाबाचे, माणसाच्या कानाप्रमाणे वजन देऊन, तपासून घेतलेल्या ध्वनिमापकाने मोजलेले. माझ्या फोनच्या फाइलवरून ‘किती’ हे सांगता येत नाही. ‘कोण’ हे सांगता येतं. आम्ही अर्ज बाजूला ठेवला आणि आलेखाची छापील प्रत घेऊन शेडवर गेलो. तिथल्या सुपरवायझरने शांतपणे ऐकून घेतलं आणि पंखा दाखवला. चार पाती होती, आणि चौकट थेट पत्र्याच्या भिंतीला आवळलेली. त्यांनी मध्ये रबर घातलं. ठोका पूर्ण गेला नाही, पण उशीवर ऐकू येईनासा झाला.

ऑडॅसिटीची मर्यादाही याच कामात दिसली. वर्णपट काढताना फार लांब तुकडा निवडला तर ते त्याची सुरुवातच विचारात घेतं, आणि ठोके आणि रेघा एकाच पडद्यावर खालीवर लावून बघायची सोय तिथे तितकी चांगली नाही. त्यासाठी मी सॉनिक व्हिज्युअलायझर वापरतो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेला हा प्रोग्रामही फुकट आहे. त्यात एकाच आवाजाचे कितीही थर चढवता येतात: खाली लहान खिडकीचा स्पेक्ट्रोग्रॅम, वर मोठ्या खिडकीचा, आणि आवाज वाजताना दोन्हींवरून एकच रेघ सरकते. ऑडॅसिटी कापायला आणि जोडायला, सॉनिक व्हिज्युअलायझर फक्त बघायला. बघणं हेच काम असेल तर हे जास्त हाताशी येतं.

रुळावरून एक स्टेशन मागे, उल्हासनगरला गेलात की प्रश्नच बदलतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्पांतल्या दुकानांत आजही जुनी माणसं जी सिंधी बोलतात, तिच्यात चार व्यंजनं अशी आहेत की ती मराठीत नाहीत: ॻ, ॼ, ॾ, ॿ. देवनागरीत ती खाली रेघ देऊन लिहितात. उच्चारताना स्वरयंत्र खाली ओढलं जातं आणि तोंडातला अडसर सुटताच हवा क्षणभर आत शिरते. ‘ॿारु’ म्हणजे मूल आणि ‘बारु’ म्हणजे ओझं. शेजारच्या मराठी माणसाच्या कानाला दोन्ही ‘ब’च. एखाद्या आजोबांचा आवाज नातवंडांसाठी टिपून ठेवला असेल आणि त्यातला हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल, तर प्राट घ्यावं.

प्राट ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलं. डच भाषेत ‘प्राट’ म्हणजे ‘बोल’. दिसायला रूक्ष, पण बोलण्याच्या अभ्यासाला त्याच्या तोडीचं फुकट साधन नाही. त्याची खिडकी मुळातच फक्त ५ मिलिसेकंदांची असते, कारण उच्चार पापणी लवण्याआधी घडतात. साध्या ‘ब’मध्ये ओठ मिटलेले असताना घशातला नाद ओठ उघडेपर्यंत मंदावत जातो. ‘ॿ’मध्ये तोच नाद वाढत जातो. आलेखात तरंगाची ती चढती कमान दिसली की मन हरखून जातं. माझ्या अंबरनाथच्या पंख्यावर प्राटची ही खिडकी लावली असती तर ९८ आणि १०० सोडाच, काहीच हाती लागलं नसतं.

आणि प्राटची एक मूळ सोय बदलायला विसरू नका. ते चित्र ५००० हर्ट्झपर्यंतच दाखवतं. मराठीतल्या ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन ‘च’ ताडून पाहा. ‘चारा’तला दंत्य ‘च’ जी सळसळ करतो तिचा बराचसा जोर त्या मर्यादेच्या वर असतो. मर्यादा १०,००० केली की फरक लख्ख दिसतो. पण जुन्या पद्धतीच्या फोन कॉलचं मुद्रण असेल तर तिथे ३४०० च्या वर काहीच नसतं, तेव्हा मर्यादा वाढवूनही काळाच पट्टा दिसेल. फाइल किती कापलेली आहे हे आधीच पाहायला स्पेक नावाचा छोटा प्रोग्राम ठेवावा. त्याच्यावर फाइल टाकायची, तो एकच चित्र काढतो, बस्स. एमपीथ्री १२८ च्या दराने दाबलेली असेल तर सोळा-सतरा हजारांच्या वर सुरीने कापल्यासारखी सरळ कड दिसते. ‘अस्सल मुद्रण’ म्हणून आलेल्या किती फाइलींत ती कड सापडते, ते एकदा स्वतः पाहा.

दुसऱ्या दिशेला, बदलापूरला, उन्हाळ्याच्या शेवटी बारवीच्या बाजूने पावशा ओरडतो. पेरते व्हा, पेरते व्हा. प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत, वर वर चढत जाऊन एकदम थांबते. स्पेक्ट्रोग्रॅममध्ये तो जिना दिसतो, पायरी न् पायरी मोजता येते. इथे मला कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं रेव्हन आवडतं. माउसने हाकेभोवती चौकट आखली की ती कधी सुरू झाली, कधी संपली, खालची वारंवारता किती, वरची किती, असा तक्ता आपोआप भरत जातो. रेव्हन लाइट फुकट आहे आणि हौशी निरीक्षकाला पुरतं, रेव्हन प्रोला पैसे पडतात. खिडकी ५१२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे बारा मिलिसेकंदांची ठेवली की शिट्ट्या छान दिसतात. कोंडेश्वरला पावसाळ्यात मात्र धबधब्याकडे पाठ करून टिपा. पडत्या पाण्याचा आवाज सगळ्या वारंवारतांवर धुक्यासारखा पसरतो आणि पक्षी त्यात हरवतो.

बदलापूर ते वांगणी पट्ट्यात आणखी एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. रुळांजवळ मुळीच जायचं नाही, रस्त्याच्या पुलावर उभं राहायचं. भोंगा वाजवत एक्स्प्रेस खालून गेली तर तिचा सूर गाडी पुढे गेल्यावर उतरलेला ऐकू येतो. समजा, गाडी येताना सूर ४३१ हर्ट्झ आणि जाताना ३७३. फरक ५८, बेरीज ८०४. फरकाला बेरजेने भागून आवाजाच्या वेगाने गुणा, तो २५ अंशांच्या हवेत सेकंदाला सुमारे ३४६ मीटर. उत्तर येतं सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. पण खिडकी ४०९६ ची ठेवून एका बाजूला एका खुणेची चूक झाली, तर तीच गाडी ताशी १०५ ने गेली असं उत्तर येतं. खिडकी १६,३८४ केली की एका खुणेची किंमत २.७ हर्ट्झ होते आणि चूक चार-पाच किलोमीटरांत मावते. मात्र सूर उतरत असतानाचा मधला तुकडा घ्यायचा नाही, आधीचा आणि नंतरचा स्थिर तुकडाच घ्यायचा. भोंग्यात एकाहून अधिक सूर असतात, म्हणून दोन्ही बाजूंना एकाच सुराची रेघ धरायची. सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये रेघेवर बाण नेला की आकडा तिथेच वाचता येतो.

फाइली शंभराच्या वर गेल्या की माउस सोडावा लागतो. सॉक्स नावाचा जुना प्रोग्राम एका ओळीच्या आज्ञेवर स्पेक्ट्रोग्रॅम काढून देतो, आणि पायथन येत असेल तर लिब्रोसा आहे. विकतच्या साधनांपैकी आयझोटोप आरएक्स हे खराब मुद्रण दुरुस्त करायला खरोखर कामाचं आहे, नुसतं मोजायला त्याची गरज नाही. ब्राउझरमध्ये फाइल चढवून चित्र देणाऱ्या सोयी मी घरातल्या आवाजांसाठी वापरत नाही. त्या रात्रीच्या चार मिनिटांत, पंख्याच्या मागे, शेजारच्या आजींचं खोकणं आणि पुटपुटणंही टिपलं गेलं होतं.

ती मूळ वेव्ह फाइल मी अजून जपली आहे, शेजारी एका वहीत नोंद: तारीख, वेळ, फोन कुठे ठेवला होता, खिडकी उघडी की बंद, नमुने सेकंदाला ४४,१००, विश्लेषणाची खिडकी ६५,५३६, हॅन. परवा काकांनी पुन्हा टिपायला सांगितलं. या वेळी सुळका ९७.३ वर आला. काका म्हणाले, पंख्यावरचा भार वाढलेला दिसतो, जाळीत धूळ बसली असेल.